मिटलेलं आहे, पण चालू आहे

दोन हजार तेवीस साल, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, ऐन उन्हाळा, छत तापलेलं, भिंती तापलेल्या, आणि घरातला एकुलता एक टेबलफॅन माझ्याकडे पाठ करून उभा! माझ्याकडे पाठ! ज्यानं तो विकत आणला, ज्यानं त्याचं तुटलेलं पातं पत्रा कापून स्वतःच्या हातानं नवं बसवलं, त्याच्याकडे पाठ, आणि तोंड कुणाकडे? तर टेबलावर पडलेल्या एका मिटलेल्या डबड्याकडे. लॅपटॉप म्हणतात त्याला. बरं, उघडा असता, कुणी त्यावर काम करत बसलं असतं, तर मी एक शब्द बोललो नसतो. पण झाकण खाली, समोरची खुर्ची रिकामी, आणि वारा त्याला! मी म्हटलं, "अगं, ते मिटलेलं आहे. त्याला कशाला वारा?" तर आमची ही ओठांवर बोट ठेवून, आत जशी काही बाळंतीण निजली आहे अशा आवाजात मला म्हणते,

"हळू बोला हो! मिटलेलं आहे, पण चालू आहे."

मिटलेलं आहे, पण चालू आहे! ऐकलंत?

आता झाकण म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये. शाळा माझी चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांनी मला सोडलं की मी मास्तरांना, यावर आमचं एकमत झालं नाही. पण त्यानंतर चाळीस वर्षं मी पत्र्याच्या पेट्या बनवल्या. ट्रंका. खोकं कुणीही वाकवेल, कस लागतो तो झाकणात. माझ्या पेटीचं झाकण हातातून सोडून द्या, पडलं की एकच आवाज. ठप्प! दोन आवाज आले, ठप्प-खट् असे, तर ती पेटी गिऱ्हाइकाला जायची नाही. पुन्हा बिजागरी काढ, पुन्हा ठोक. केसाएवढी फट राहिली तरी मला जेवण जात नसे. आणि एकदा झाकण लागलं की विषय संपला. आतलं आत, बाहेरचं बाहेर. आतला सदरा गुपचूप पडून राहायचा. "मी मिटलोय, पण चालू आहे" असं कुठल्याही सदऱ्यानं मला चाळीस वर्षांत सांगितलं नाही.

मग समोरच्या रस्त्यावर तो चेनवाला आला. त्याचं नाव मी घेत नाही. प्लास्टिकच्या बॅगा, खाली चाकं, आणि झाकणाच्या जागी चेन. सर्र उघडली, सर्र मिटली. त्यात कसब काय, सांगा! पण लोकांचं काय, सर्र ऐकू आलं की लोक तिकडे. माझं दुकान मिटलं. आणि मिटलं ते मिटलंच, चालू वगैरे काही नाही. मी जळतो असं बायको म्हणते. मी कशाला जळू? रोज सकाळी त्याच्या दुकानावरून जातो ते डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून. दुसऱ्या रस्त्यानंही चालता येतं, हे मला माहीत आहे.

दुकानातून मी एकच वस्तू घरी आणली. माझं कामाचं टेबल. सागवानी, चार माणसं लागली उचलायला. त्या टेबलावर मी कधी कुणाला पाण्याचा पेला ठेवू दिला नाही. त्यावर आता हे डबडं! कारण लेक, जावई आणि दीड वर्षाची नात आमच्याकडे राहायला आलेत. लेक परिचारिका, तिची बदली इथल्या इस्पितळात झाली. जावयाला इथल्या एका कंपनीनं सहा महिने बघून घेतो म्हणून घेतलंय. पटला तर ठेवणार, नाही पटला तर नमस्कार. त्याचं काम काय? तर पूल. मी म्हटलं, वा, पूल बांधता? म्हणाला, "नाही बाबा, पुलावरून गाड्या गेल्या तर पूल कुठे किती वाकेल, त्याचा हिशोब." मी म्हटलं, कुठला पूल? म्हणाला, "अजून बांधलेला नाही." आता सांगा! जो पूल नाही, त्यावरून ज्या गाड्या गेल्या नाहीत, त्यांनी तो किती वाकला याचा हिशोब माझ्या टेबलावर माझ्या फॅनच्या वाऱ्यात!

आणि कौतुक किती! "जावईबापू दमले असतील." "जावईबापूंना खिडकीजवळ बसू द्या." मी चाळीस वर्षं घण मारला, मला कुणी दमलात का विचारलं नाही. एकदा हिनं विचारलं होतं, तेव्हा हिला पैसे हवे होते. आणि हे काम स्वतःच चालतं म्हणे! एकदा चालू करून दिलं की हिशोब दिवसभर, रात्रभर आपला आपण होतो, जावई बाहेर फिरून येतो, केस कापून येतो, आणि हिशोब चालू! मी बाहेर फिरायला गेलो तर माझ्या पेटीला एक रिव्हेट आपणहून लागली का कधी?

बरं, तेही सोडा. मला लागलं ते वेगळंच. दुपारी जेवण झालं की मी आरामखुर्चीत डोळे मिटून बसतो. बसतो म्हणजे विचार करतो. झोपत नाही. कान उघडे असतात, सगळं ऐकू येतं. तर हे लोक काय करतात? माझ्या हातातला पेपर काढून घेतात. रेडिओ बंद करतात. "झोपले बघ." मी म्हणतो, "झोपलो नाही. डोळे मिटलेत, पण जागा आहे." तर हसतात! म्हणजे बघा, त्या डबड्यानं झाकण मिटलं तर ते कामात, आणि मी पापण्या मिटल्या तर मी कामातून गेलेलो! त्याच्यासाठी घर कुजबुजतं, आणि माझ्या कानाशी कुकरच्या शिट्ट्या! आणि ती नात... दोन शब्द शिकलीय आजीकडून. टेबलाजवळ जाते, लॅपटॉपकडे बोट करते, म्हणते, "चालू." मग वळते, आरामखुर्चीपाशी येते, माझ्याकडे बोट करते, आणि खणखणीत आवाजात म्हणते, "बंद."

हसू नका.

आता आला तो शनिवार. तो हिशोब शुक्रवारपासून लावलेला होता, सोमवारी दुपारच्या आत कंपनीत पोचायला हवा होता. कंपनीच्या साहेबानं स्पष्ट सांगितलं होतं. सोमवारी हिशोब हातात आला तर नोकरी पक्की, नाही आला तर मंगळवारपासून येऊ नका. जावयानं घरात सगळ्यांना बजावलेलं, "याला कुणी हात लावू नका. नुसतं चालू राहून भागत नाही, कंपनीच्या यंत्राशी ते जोडलेलं राहायला हवं. जोड तुटली की सगळं पहिल्यापासून." शनिवारी दुपारी जावई आत आडवा झालेला, रात्रभर त्या डबड्यापाशी बसला होता बिचारा... बिचारा म्हणजे, बसला होता. ही गच्चीवर कपडे काढायला आणि शेजारणींशी गप्पा मारायला गेलेली, लेक इस्पितळात, नात पाळण्यात. मी माझ्या खुर्चीत. आणि माझी नजर गेली.

झाकणाला फट!

समोरून दिसत नव्हती. ज्याला दिसायला हवी त्यालाच दिसते. डाव्या कोपऱ्यात झाकण दोन बोटं वर, आणि त्यात काय अडकलेलं? कपड्यांचा चिमटा! लाकडी, आमच्या दोरीवरचा. तुम्हाला सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. चारचौघांत एखाद्याच्या सदऱ्याची बटणं चुकीची लागलेली दिसली तर तुम्हाला कसं होतं? तसं. मी म्हटलं, हे नातीचं काम. मिळेल तिथे मिळेल ते खुपसते. आणि घरातल्या तीन तीन मोठ्या माणसांना दिसलं नाही! बरं, मिटलेलं असलं तरी चालू राहतं, हे तर मला महिनाभर ऐकवलेलं. मग नीट मिटायला काय हरकत? उलट अर्धवट मिटल्यानं बिजागरीवर ताण येतो. बिजागरी वाकली की पेटी गेली. कुणीतरी करायला हवं होतं. मी उठलो, चिमटा काढला, झाकणाच्या दोन्ही कोपऱ्यांवर अंगठे ठेवले आणि अलगद दाबलं.

टक्.

एकच आवाज! मी मनात म्हटलं, घडवणारा जो कुणी असेल त्याला झाकण कळतं. आणि काय सांगू, मिटल्याबरोबर आतली ती घरघर थांबली. दोन दिवस घरघरत होतं, एकदम शांत. झाकण नीट बसलं की आवाज बाहेर येत नाही, हे मी गिऱ्हाइकांना हजारदा सांगितलंय. मग म्हटलं, आता याला वाऱ्याची काय गरज? फॅन माझ्याकडे वळवला. आणि त्या दुपारी मी डोळे मिटून इतका छान... विचार केला, की काही विचारू नका.

जाग आली ती जावयाच्या आवाजानं. आवाज म्हणजे, आवाज नव्हताच. तो टेबलापाशी उभा होता, झाकण उघडलेलं, आणि तोंडाचा रंग असा की पत्र्याला कल्हई केलेली. ही गच्चीवरून आली, कपड्यांचा ढीग छातीशी. "काय झालं हो जावईबापू?"

"बंद पडलं, आई. जोड तुटली. शुक्रवारपासूनचं सगळं गेलं."

"कोणी हात लावला?"

हा प्रश्न विचारताना माणसानं चारी दिशांना बघायला हवं की नको? ही थेट माझ्याकडे बघते! मी म्हटलं, सांगून टाकावं, "तुम्हीच म्हणाला होता ना, मिटलेलं आहे पण चालू आहे? मग मी मिटलं." चूक माझी नाहीच. आजही नाही. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जावयाची नजर माझ्या छातीवर आली. मीही खाली बघितलं. चिमटा! माझ्या खिशाला मीच लावून ठेवलेला, हरवू नये म्हणून.

त्यानं चिमटा बघितला. मला बघितलं. आणि हिच्याकडे वळून म्हणाला,

"माझीच चूक, आई. मघाशी उठताना धक्का लागला असणार. चिमटा निसटला आणि झाकण मिटलं."

बस. एवढंच. मी चिमट्यावर हात ठेवला, जणू छातीत दुखतंय. खरं म्हणजे दुखतच होतं. आणि ही काय म्हणते? म्हणते, "बघा! याला म्हणतात माणूस! स्वतःची चूक स्वतःच्या तोंडानं सांगतो. नाहीतर काही जण असतात..." आणि पुन्हा माझ्याकडे!

म्हणजे मिटलं मी, आणि शाबासकी त्याला! एवढं मोठं नुकसान, त्यातूनही कौतुक त्याचंच निघालं! याहून वाईट म्हणजे, उपकार. माझ्यावर उपकार! बापाचे मी घेतले नाहीत, भावाचे घेतले नाहीत, आणि जावयाचे घेऊ? मला त्यानं ओरडायला हवं होतं. चार शब्द बोलला असता तर मी आठ बोललो असतो, हिशोब तिथेच मिटला असता. पण गप्प राहिला. गप्प राहणाऱ्या माणसाचं देणं फार वाईट हो. मुदलावर व्याज चढतं.

संध्याकाळी त्यानं सगळं पुन्हा लावलं, नवा चिमटा घातला, आणि मला बाजूला घेऊन समजावलं. उघडं ठेवलं तर नात येऊन बटणं बडवते. पूर्ण मिटलं तर झोपतं. म्हणून मधोमध, चिमट्यावर. मी म्हटलं, "म्हणजे मिटलेलं पण चालू हे खोटं!"

"खोटं नाही बाबा. सेटिंग असतं तसं. झाकण मिटल्यावर काय करायचं ते निवडता येतं. झोपायचं, बंद व्हायचं, की काहीच करायचं नाही."

"मग निवडा ना ते शेवटचं!"

"कंपनीचा लॅपटॉप आहे. सेटिंगला त्यांनी कुलूप घातलंय."

पेटी यानं वापरायची आणि कुलूप दुसऱ्याचं! अशी पेटी मी विकली असती तर गिऱ्हाइकानं ती माझ्याच डोक्यात घातली असती. आतून ही म्हणते, "झाकण मिटायचं आणि काहीच करायचं नाही? हे सेटिंग आमच्या घरात फार वर्षांपासून आहे!" जावई हसला नाही. हसायला हवं होतं. हसला असता तर थोडं देणं फिटलं असतं.

रविवार गेला. मी टेबलाकडे बघितलंसुद्धा नाही. फॅनही तिकडेच राहू दिला, मीच घाम पुसत बसलो. सोमवारी सकाळी जावई कंपनीत गेला, साहेबासमोर बसायचं होतं. लॅपटॉप हलवला नाही, हिशोब इथूनच पूर्ण होऊन तिकडे जाणार होता. जाताना हिचा फोन टेबलावर ठेवला. "घरातलं वायफाय गेलं तर लॅपटॉप आपोआप आईच्या फोनला जोडला जाईल. मी बघून ठेवलंय." मग लेक आणि ही नातीला घेऊन लस टोचायला गेल्या. दारातून ही म्हणते, "तुम्ही नुसते बसा. काही करू नका." लॅपटॉपचं सेटिंग मला!

त्या दोघी रस्त्याच्या टोकाला वळल्या असतील नसतील, आणि फॅन थांबला.

लाइट गेली. खिडकीतून बघतो तर कोपऱ्यावर रस्ता खोदणारे चारजण खड्ड्याभोवती उभे, एकमेकांकडे बोट दाखवतायत. मी ओळखलं, केबल तोडली. लाइट आता संध्याकाळशिवाय येत नाही. माझा बटणांचा फोन काढला, जावयाला लावला. तो तिकडे कुजबुजतोय, शेजारी साहेब असणार.

"बाबा, फटीतून बघा. कोपऱ्यात बॅटरीचा आकडा असेल."

"तीस."

"आणि मधली हिरवी पट्टी?"

"भरत आलीय. बोटभर राहिलीय."

मग म्हणाला, "नाही पुरायची बाबा. बॅटरी जुनी आहे, तीसच्या वर चढतच नाही, पंधरावीस मिनिटांत संपेल. हिशोबाला तासभर लागेल." आणि पुढे काय म्हणाला माहीत आहे? "राहू द्या. तुम्ही त्रास घेऊ नका."

त्रास घेऊ नका! आणखी एक उपकार! मी म्हटलं, "जावईबापू, फोन ठेवा," आणि मीच ठेवला.

लाइट कुठे असेल? समोरच्या रस्त्यावर सलूनवाल्याकडे इन्व्हर्टर आहे. हिचा फोन खिशात टाकला, चार्जर खांद्यावर टाकला, लॅपटॉप उचलला. आता उघडा धरून न्यावा, तर तुम्हाला सांगतो, उघड्या झाकणाची पेटी घेऊन चाललं की पहिल्या धक्क्याला झाकण आपटतं. मिटून न्यावा, तर झोपतो. चिमट्यावर न्यावा, तर चिमटा हलतोय, दोन पायऱ्या उतरलो तर निसटून खाली पडला आणि त्याची स्प्रिंग कुठे उडाली कोण जाणे. झाकण खाली येतंय... मी बोट घातलं. डाव्या हाताची तर्जनी. वर झाकण, खाली बटणं, मधे मी.

आणि निघालो. डोक्यावर ऊन, हातात तापलेलं डबडं, तवाच म्हणा, चार्जरची वायर शेपटीसारखी मागे. ज्यानं उभ्या जन्मात केसाएवढी फट सोडली नाही, तो भर रस्त्यातून झाकणात बोट घालून चाललाय! खड्ड्यापाशी एकजण म्हणतो, "आजोबा, बोट अडकलं का? काढून देऊ?" मी म्हटलं, "तुम्ही केबल काढलीत तेवढं पुरे."

सलूनमध्ये शिरलो. लाइट होती. एकच बोर्ड चालू, त्यात एकच भोक, त्यात केस कापायच्या मशीनची वायर, आणि मशीन कुणाच्या डोक्यावर?

चेनवाल्याच्या.

अर्धं डोकं भादरलेलं, अर्धं बाकी. आरशातून त्यानं मला बघितलं. माझ्या हातातलं डबडं बघितलं. झाकण बघितलं. फट बघितली. फटीतलं बोट बघितलं. आणि सगळ्या सलूनला ऐकू जाईल असं म्हणाला,

"काय पेटीवाले! झाकण बसत नाही वाटतं?"

आता सांगा. तुम्ही काय केलं असतं? माझ्याकडे उत्तरं होती. वीस वर्षं रोज सकाळी त्याच्या दुकानावरून जाताना मी उत्तरंच तयार करत आलोय. एक तर इतकं चोख होतं, की ते ऐकून त्यानं दुकान विकलं असतं! पण लॅपटॉपनं तेवढ्यात बारीक आवाज केला, टुंग. फटीतून बघितलं. बॅटरीचा आकडा लाल.

मी म्हटलं, "नाही बसत."

सलूनवाल्याचं मशीन थांबलं.

मी म्हटलं, "मला तो प्लग हवा. तासभर. तुमचं अर्धं डोकं तसंच राहील."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर जावयाची नोकरी जाईल."

चेनवाल्यानं आरशात स्वतःकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग सलूनवाल्याला म्हणाला, "काढ रे मशीन." आणि मला म्हणाला, "कृपा करा म्हणालात तर लगेच देतो."

पाणी मागितलं नव्हतं मी त्याच्याकडे कधी. पण बोटाखाली ते यंत्र घरघरत होतं... तुम्हाला सांगतो, विचित्र वाटतं. एखादं मांजर मांडीवर यावं तसं. आपल्या भरवशावर घरघरतंय.

"कृपा करा," मी म्हटलं.

प्लग लागला. शेजारच्या खुर्चीत बसलो, मांडीवर डबडं, झाकणात बोट. सलूनवाला म्हणतो, "काका, उघडून ठेवा की आता! बोट कशाला?" बरोबर होतं त्याचं. आता कुठे चालायचं होतं? पण एकदा हातात घेतलेलं काम मी मधेच बदलत नाही. आणि चेनवाल्यासमोर चूक सुधारायची? बोट तिथेच राहिलं. झाकणाची कड रुतून बोट निळं झालं. खिशात हिचा फोन वाजायला लागला, माझी मेहुणी. सलूनवाला मदतीला म्हणून माझ्या खिशात हात घालतो! मी ओरडलो, "हात लावू नका! त्याला जोडलेलं आहे!" मेहुणी वाजून वाजून थांबली. लॅपटॉपकडे बघून सलूनवाला हळूच विचारतो,

"पण काका, हे मिटलेलं आहे ना?"

आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल? माझ्या! मी म्हटलं,

"हळू बोला. मिटलेलं आहे, पण चालू आहे."

तास गेला. एका खुर्चीत अर्ध्या डोक्याचा चेनवाला, एका खुर्चीत मी, समोर आरसा, आरशात दोघं. एकदा तो म्हणाला, "तुमची एक ट्रंक आहे माझ्याकडे. आईची. अजून एकच आवाज येतो." मी ऐकलं नाही असं दाखवलं. डोळे मिटून घेतले. कान उघडे होते.

मग माझा फोन वाजला. जावई. आवाज कुजबुजीचा नव्हता.

"बाबा, पोचलं! सगळं पोचलं! साहेबांनी बघितलं, हो म्हणाले!" मग म्हणाला, "बाबा, आता मिटलं तरी चालेल."

बोट बाहेर काढलं. झाकण सोडलं.

टक्.

संध्याकाळी घरात ही गर्दी! लाइट आलेली, फॅन फिरतोय, लेक हसतेय, हिच्या डोळ्यांत पाणी. लस टोचून आलेली नात सगळ्यांच्या कडेवरून फिरतेय. ही म्हणते, "आमच्या जावईबापूंची हुशारी! इथे लाइट गेली, घरात हा एक माणूस सोडून कुणी नाही, तरी तिकडे बसून यांनी हिशोब पोचवला!" सगळं पाठ करून ठेवल्यासारखी तीन तीन वेळा सांगते. मी आरामखुर्चीत. बोट मुठीत. सलूनवाल्याला मी दम दिलाय. आणि चेनवाला? तो कुठल्या तोंडानं सांगणार, तासभर अर्ध्या डोक्यानं का बसला होता ते? तुम्हीही कुठे बोलू नका.

आता खरं सांगतो, जळलो. असा जळलो म्हणून सांगू! वाटलं, मूठ उघडावी, निळं बोट हिच्या नाकासमोर धरावं, म्हणावं, बघ, हुशारी ही इथे आहे! एवढ्यात जावईच उभा राहिला. "आई, थांबा. खरं सांगायचं तर आज जे झालं ते बाबांनी—"

सगळे माझ्याकडे वळले. ही वळली. चाळीस वर्षांत प्रथमच ही अशी वळली होती, कौतुक करायच्या बेतात.

मी म्हटलं, "मी काय केलं? मी तर झोपलो होतो."

"ते आम्हाला सांगायला नको!" ही म्हणाली, आणि हसली, आणि पुन्हा जावयाकडे वळली. फॅनही तिकडेच. नात जवळ आली, माझ्याकडे बोट केलं, म्हणाली, "बंद."

जावई माझ्याकडे बघत राहिला. मी डोळे मिटले.

फिटलं.